शहाण्णवच्या बाई

आमच्या इतिहासाच्या बाईंना अख्ख्या इतिहासातलं एकच वर्ष मनापासून आवडायचं, आणि सगळ्यात जास्त रागही त्यांचा त्याच वर्षावर होता. ते वर्ष म्हणजे अठराशे शहाण्णव. धडा मराठेशाहीचा असो की फ्रेंच राज्यक्रांतीचा, तास संपायच्या आत बाई कुठून तरी वळसा घालून शहाण्णवपाशी येऊन पोचायच्याच. शिरपूरच्या आमच्या शाळेत त्यांचं नावच पडलं होतं, शहाण्णवच्या बाई. त्यांना ते माहीत होतं. एकदा वर्गाच्या दारात कुणीतरी "शहाण्णव आल्या रे!" असं ओरडलं, तर बाई आत येत म्हणाल्या, "आल्या. आता पुस्तकं उघडा."

त्या फळ्यावर एक आडवी रेघ मारायच्या आणि तिच्यावर त्या वर्षाचे महिने मांडायच्या. वर्षाच्या सुरुवातीलाच युरोपातल्या वर्तमानपत्रांत बातमी आली की एका जर्मन शास्त्रज्ञाला माणसाच्या अंगातून आरपार जाणारे किरण सापडलेत. मार्चमध्ये इथिओपियाच्या लोकांनी चालून आलेल्या इटलीच्या फौजेला धूळ चारली. एप्रिलमध्ये अथेन्सला ऑलिंपिकच्या शर्यती नव्याने सुरू झाल्या. जुलैमध्ये मुंबईच्या एका हॉटेलात पडद्यावर हलती चित्रं दाखवली, आणि लोक ती बघून चकित झाले. त्याच मुंबईत सप्टेंबरमध्ये प्लेग निघाला. आणि त्याच पावसाळ्यात पाऊस मध्येच जो गेला तो परत आला नाही, दुष्काळ पडला. एवढं लिहून झालं की बाई हातातला खडू खाली ठेवायच्या.

"तुमच्या पुस्तकात हे सगळं वेगवेगळ्या धड्यांत आहे," त्या म्हणायच्या. "किरण विज्ञानात, शर्यती सामान्यज्ञानात, प्लेग इतिहासात. पण ज्यांनी हे भोगलं त्यांना धडे नव्हते. त्यांच्यावर हे सगळं काही महिन्यांत येऊन पडलं."

मग त्यांचा नेहमीचा प्रश्न यायचा, "आणि त्या वेळी आपल्याकडे?" परीक्षेतसुद्धा त्या सनावळ्या फारशा विचारत नसत. एकदा सहामाहीत त्यांनी विचारलं, अथेन्सला शर्यती चालल्या होत्या तेव्हा रावेरचा शेतकरी काय करत असेल? मला काही सुचेना, म्हणून मी लिहिलं, झोपला असेल. बाईंनी लाल शाईने शेजारी लिहिलं, "एप्रिलमध्ये? मग नांगरट कोण करणार, तू?" तो पेपर आईने कितीतरी दिवस पाहुण्यांना दाखवला.

आठवीत असताना मी शाळेच्या पायरीवरून पडले आणि मनगट मोडलं. बाई संध्याकाळी घरी आल्या. उंच, सावळ्या, कडक इस्तरीचं सुती पातळ, आणि वेणीच्या टोकाला हमखास खडूची भुकटी. त्यांनी माझा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिल्या. आईला वाटलं, काही गंभीर आहे की काय. बाई म्हणाल्या, "हाड बसेल हो, काळजी करू नका. मी वेगळाच विचार करत होते. हे किरण सापडले तेव्हा लोकांना वाटलं, आता माणसाच्या आतलं काही लपायचं नाही. आणि ते वर्ष संपता संपता मुंबईत लोक आपल्या घरातलं आजारी माणूस लपवत होते. धान्याच्या कणगीमागे, माळ्यावर. सापडलं तर सरकारी माणसं उचलून नेतील म्हणून." आईने चहा पुढे केला. बाईंनी तो घेतला, पण एक्स-रे काही हातातून सोडला नाही.

बाईंना या वर्षाचं एवढं का लागून राहिलं होतं, ते मला फार उशिरा कळलं. मी कॉलेजला होते. बाईंचे यजमान वारून वर्ष झालं होतं आणि त्यांचा मुलगा अभय शिकायला पुण्याला गेला होता, म्हणून मी अधूनमधून त्यांच्याकडे जाऊन बसायची. त्या दिवशी त्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होत्या. मी सहज विचारलं, "बाई, शहाण्णवच का हो?"

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि सांगायला लागल्या. त्यांचं माहेर रावेरजवळच्या एका खेड्यातलं. पणजोबा मुंबईला गिरणीत होते. प्लेग पसरला तेव्हा हजारो माणसं मुंबई सोडून गावाकडे निघाली, त्यांत पणजोबा, पणजी आणि त्यांचं तान्हं मूल होतं. रावेरला गाडीतून उतरून ते चालत गावाच्या शिवेपर्यंत आले. शिवेवर पणजोबांचा सख्खा धाकटा भाऊ काठी आडवी धरून उभा होता. "दादा, पुढे येऊ नको," तो म्हणाला. तिघं शेतातल्या झोपडीत राहिले. भाऊ लांबून भाकरी ठेवून जायचा. आधी पणजोबा गेले, मग पणजी गेली. मूल वाचलं. त्याला पुढे त्याच भावाने आपल्या घरी नेलं आणि पोटच्या पोरासारखं वाढवलं.

"ते मूल म्हणजे माझे आजोबा," बाई म्हणाल्या. "मी त्यांच्या मांडीवर खेळलेय. ते काकांविषयी एक वाईट शब्द कधी बोलले नाहीत. मी विचारायची, आबा, तुम्हाला राग नाही येत? तर म्हणायचे, पोरी, तो घाबरला होता. मला ते कधी पटलं नाही. घाबरला होता म्हणजे काय? सख्ख्या भावाला शिवेवर अडवायचं?" तव्यावरची भाकरी करपली. बाईंनी ती काढून बाजूला ठेवली आणि विषय बदलला. त्यानंतर त्यांनी ही गोष्ट पुन्हा कधी काढली नाही, आणि मीही विचारली नाही.

पुढे माझं लग्न झालं आणि मी जळगावला पिंप्राळ्यात आले. इथे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी नोकरी करते. बाई निवृत्त झाल्या. शिरपूरला हायवेपासून जवळच्या कॉलनीत त्यांचं छोटं घर होतं, तिथे एकट्या राहायच्या. अभयने पुण्याला चला म्हणून किती आग्रह केला, पण त्या जायच्या नाहीत. साठी उलटल्यावर त्यांनी स्कुटी शिकून घेतली आणि बाजारात, वाचनालयात, शाळेच्या कार्यक्रमांना तिच्यावरून फिरायच्या. दर रविवारी आमचा फोन असायचा. "जळगावात काय चाललंय?" हा पहिला प्रश्न. मी सांगायची, काही नाही बाई, नेहमीचंच. "नेहमीचंच काय ते सांग ना," त्या म्हणायच्या, आणि मला भाज्यांच्या भावापासून शेजारच्या लग्नापर्यंत सगळं सांगायला लावायच्या.

मग कोरोना आला. एक दिवस रविवार नसताना बाईंचा फोन आला. आवाज वेगळाच होता. "शैला, पेपर वाचलास? साथीसाठी सरकारने कायदा लावलाय. कोणता माहितीय? अठराशे सत्त्याण्णवचा. त्या प्लेगच्या वेळी इंग्रजांनी केला होता तो." मी काहीतरी उत्तर दिलं. लॅबमध्ये नमुन्यांचा ढीग पडला होता, माझं निम्मं लक्ष तिकडे होतं. बाई म्हणाल्या, "मी जन्मभर जे शिकवलं ते मला बघायला लागेल असं वाटलं नव्हतं गं."

आणि खरंच त्यांना बघावं लागलं. मे महिन्यात त्या हायवेवरून, आग्रा रोडवरून, माणसांची रीघ लागली. मुंबई, भिवंडी, नाशिककडून निघालेली, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. बहुतेक जण सरळ मध्य प्रदेशाकडे जायचे. काही सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतले, ते शिरपूरला वळायचे. बाई फाटकापाशी स्टुलावर पाण्याचा माठ ठेवायच्या आणि स्वतः लांब उभ्या राहायच्या. कॉलनीने ठरवलं होतं, कुणालाही दाराशी थांबू द्यायचं नाही. समोरच्या बंगल्यातले नाना, कॉलनीतले सगळ्यात वडीलधारे, गॅलरीतून लक्ष ठेवून असायचे.

एका दुपारी एक जोडपं आलं. रेमसिंग आणि त्याची बायको जमना, बरोबर तीनेक वर्षांची मुलगी. भिवंडीला यंत्रमागावर कामाला होते, डोंगराकडच्या गावी निघाले होते. पोरीच्या पायाला फडकी गुंडाळलेली. रेमसिंगने हात जोडून विचारलं, "बाई, ऊन उतरेपर्यंत तुमच्या वट्यावर बसू का? पोरगी चालत नाही आता."

बाईंनी वर पाहिलं. नाना गॅलरीत उभे होते. आणि बाई म्हणाल्या, "पाणी घ्या आणि पुढे व्हा. गाव आता जवळ आलंय तुमचं."

 ती माणसं पाणी प्यायली, बाटली भरून घेतली, पुन्हा हात जोडले आणि निघाली. बाई आत जाऊन ताटावर बसल्या. ताट तसंच बाजूला सारलं. त्यांनी मला फोन केला, तेव्हा मी लॅबमध्ये होते. "शैला," त्या म्हणाल्या, "आयुष्यभर मी आबांच्या त्या काकाला नावं ठेवली. आज माझ्या दारात माणसं उभी होती आणि मी तेच केलं. मला कुणी काठीसुद्धा धरायला लावली नव्हती."

"बाई, तुमचं वय बघा. तुम्ही बरोबर केलंत," मी म्हटलं.

"नाही," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यांनी स्कुटी काढली आणि डोंगराच्या रस्त्याला लागल्या. वाटेत पोलिसांनी अडवून तास-दोन तास बसवून ठेवलं. बाईंनी त्यांना काय सांगितलं ते मला कधीच नीट कळलं नाही, "खरं ते सांगितलं" एवढंच म्हणायच्या. ती तिघं त्यांना गावाच्या तोंडाशीच भेटली, कारण गावाने रस्ता बंद केला होता. बाभळीच्या काट्या टाकून पलीकडे माणसं उभी होती. गावाचं म्हणणं एकच, तपासणी करून या, तोवर आत नाही. काट्यांच्या पलीकडे रेमसिंगची आई होती. ती नातीला हाका मारत होती, आणि इकडे ती पोर आजीकडे जायला धडपडत होती. जमनाने तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. बाई सांगायच्या, कुणीच ओरडत नव्हतं, शिव्या देत नव्हतं. ती आजी तेवढी हाका मारत होती, आणि तिच्या शेजारचा माणूस तिचा दंड धरून रडत होता.

बाई गावकऱ्यांशी भांडल्या नाहीत. "त्यांच्याकडे डॉक्टर नाही, गाडी नाही, मोठा दवाखाना कोसभर नाही," त्या मला नंतर म्हणाल्या. "ते घाबरणार नाहीत तर काय करतील? मला भांडायला तोंड तरी कुठे होतं?" त्यांनी जमनाला आणि पोरीला स्कुटीवर घेतलं, रेमसिंग मागून चालत आला. बाईंनी आरोग्य खात्याच्या लोकांना बोलावून तिघांची तपासणी करून घेतली, आणि त्यांना आपल्या घराच्या पुढच्या दोन खोल्या दिल्या. स्वतः मागच्या खोलीत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना फाटकापाशी येऊन उभे राहिले. नाना चिडले की अहिराणीवर यायचे.

"बाई, हाई काय करी राहिन्यात तुम्ही? बठ्ठी कॉलनी घाबरेल शे."

"नाना, मी पण घाबरेल शे," बाई म्हणाल्या. "पण आते त्यासले कोठे धाडू, तेवढं माले सांगा."

 नाना परत गेले. दूधवाला मात्र यायचा बंद झाला, आणि किराणावाल्याने सामान पोचवायला नकार दिला. पुण्याहून अभयने फोनवर आकांडतांडव केलं. "कोण आहेत ते आपले? तुला काही झालं तर मी कुणाकडे बघू?" तो ओरडला. बाईंनी ऐकून घेतलं. "तुझं चुकत नाही," एवढंच म्हणाल्या, आणि त्याच्याशी बोलताना त्या पहिल्यांदाच रडल्या, असं अभयनेच मला पुढे सांगितलं. तरी तो इतका रागावला होता की कितीतरी दिवस त्याने त्यांना फोन केला नाही.

तीन-चार दिवसांनी बाईंच्या कुंपणाच्या भिंतीवर कुणीतरी दुधाची किटली ठेवून गेलं. मग ती रोजच यायला लागली. ती नानांच्या घरची किटली होती. नाना मात्र गॅलरीतून तोंड फिरवून बसायचे. बाई हे मला सांगताना अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "शैला, आबांचा काका लांबून भाकरी ठेवायचा ना, मला त्याचा फार राग यायचा. आता वाटतं, तो रोज यायचा. घाबरत घाबरत का होईना, रोज यायचा."

मुलीचं नाव सोनी होतं. तिने थोड्याच दिवसांत मागच्या खोलीचं अंतर मोडून काढलं. बाई तिला अंगणापलीकडून पुस्तकातली चित्रं दाखवायच्या, ती धावत जवळच यायची. शेवटी बाईंनी नाद सोडला. वेगळं राहायची चौदा दिवसांची मुदत संपल्यावर तिघं गावाला गेली. तेव्हा काट्या काढलेल्या होत्या, आणि त्यांना न्यायला रेमसिंगची आई शिरपूरपर्यंत आली होती. कुणी आजारी पडलं नाही. यंत्रमाग सुरू झाल्यावर ती माणसं भिवंडीला परत गेली, नंबर बदलला, आणि खबरबात थांबली.

दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, बाईंना ताप आला. कुठून लागण झाली ते कळलं नाही. शिरपूरला जागा नव्हती, त्यांना धुळ्याला हलवलं. त्या आठवड्यात मी दिवसभर माणसांच्या नाकातोंडातले नमुने घेत होते आणि मधल्या वेळात बाईंसाठी जळगावातल्या दवाखान्यांना फोन करत होते. एका ठिकाणी जागा मिळालीही, पण तोवर त्यांना हलवता येईल अशी परिस्थिती राहिली नव्हती. अभय पुण्याहून आला. त्याला वॉर्डात सोडत नव्हते, तो दवाखान्याच्या फाटकाबाहेर गाडीत झोपायचा.

एकदा एका नर्सने कृपा करून बाईंच्या कानाला फोन लावून दिला. मास्कमधून आवाज नीट येत नव्हता. "शैला, अभय जेवतो का बघ," त्या म्हणाल्या. मग दम घेऊन म्हणाल्या, "आणि इथल्या या पोरींना, नर्सना, पाणी प्यायलाही फुरसत नाही गं. सकाळपासून बघतेय मी." मी म्हटलं, "बाई, तुम्ही बोलू नका." "बरं," त्या म्हणाल्या. वर्गात इतकी वर्षं आम्हाला गप्प करणाऱ्या बाई माझ्या सांगण्यावरून गप्प झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी अभयचा फोन आला. बाई गेल्या होत्या.

अंत्यसंस्कार नगरपालिकेच्या माणसांनी केले. अभय लांब उभा होता. मी जळगावातून निघू शकले नाही. त्या दिवशीही मी कामाला गेले होते. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

दिवाळीच्या सुमारास अभयने घर आवरायला घेतलं, तेव्हा मी शिरपूरला गेले. पुस्तकं शाळेला द्यायची होती, भांडी नानांच्या सुनेने नेली. नाना स्वतः आले नाहीत, ते वर्षभरात फार थकले होते. आम्ही खोकी बांधत होतो आणि फाटक वाजलं. रेमसिंग, जमना आणि सोनी उभी होती. सोनी चांगली उंच झाली होती, पायात नव्या चपला. रेमसिंगच्या हातात शेंगांची आणि चारोळीची पिशवी होती.

"बाई शेतस ना?" त्याने विचारलं.

अभयने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी त्याने ओळखलं. बाई गेल्या हे मीच त्यांना सांगितलं. रेमसिंगच्या हातातली पिशवी तशीच राहिली. जमनाने पदर तोंडाला लावला आणि ती वट्यावर खाली बसली. अभय पुढे झाला आणि म्हणाला, "आत या." ती दोघं नको नको म्हणत राहिली. तो पुन्हा म्हणाला, "या ना. घर तुमच्या माहितीतलं आहे."

मोठ्यांचं हे चाललं होतं तोवर सोनी चपला काढून आत गेली होती. ती एकेका खोलीत डोकावली. स्वयंपाकघराचं दार ढकललं, मागच्या खोलीत गेली, न्हाणीघरातही पाहून आली. मग मागच्या अंगणात जाऊन एकदा हाक मारली. हाकेला उत्तर आलं नाही, तशी ती परत येऊन अभयसमोर उभी राहिली आणि त्याला विचारलं, "बाई कधी येतील?"

अभय तोवर रडला नव्हता. धुळ्याला नाही, पुण्याला नाही, खोकी बांधतानाही नाही. तो तिच्यासमोर खाली बसला, दोन्ही हातांत तोंड धरलं, आणि आईसाठी मोठ्याने रडला. सोनी घाबरली नाही. ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून तिथेच उभी राहिली.